प्रत माहितीस्तव सविनय सादर

३ मार्च, सोमवार

निवृत्त होऊन आठ महिने झाले आणि आज मला पहिल्यांदा काम मिळालं. लवंगीने दिलं. लवंगी म्हणजे माझी मुलगी. उंची पाच फूट, तिखटपणा त्याहून जास्त, म्हणून लहानपणीच पडलेलं हे नाव. सहा वर्षं झाली, हॉस्पिटलात नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे. बारा तासांची ड्युटी करून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "बाबा, परदेशातल्या हॉस्पिटलांना नोकरीसाठी ईमेल करायचेत. मला वेळच होत नाही. तुम्ही लिहाल?"

लिहाल का म्हणे! चौतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात घालवली, त्यातली शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. 'कमी दाबाने पाणी येत असल्याबाबत' या एका विषयावर मी इतकी पत्रं लिहिली आहेत की प्रत्येक घरात पाणी पोचलं नसेल, पण पत्र नक्की पोचलं असेल.

तिची परदेशासाठीची परीक्षा झाली आहे. निकाल उत्तम आहे, पण तो एकतीस मेपर्यंतच चालतो. तोवर कुठल्या तरी हॉस्पिटलाचं बोलावणं हातात हवं, नाहीतर परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. "पुन्हा माझ्याच्यानं होणार नाही, बाबा," ती म्हणाली. "दीड वर्ष बसमध्ये उभी राहून अभ्यास केलाय मी."

मग म्हणाली, "आणि एवढ्यात कुठे बोलू नका हं." मी म्हटलं, हेडक्लार्कच्या पोटातली गोष्ट बाहेर पडत नसते.

४ मार्च, मंगळवार

पहिला अर्ज रवाना! जावक क्रमांक एक.

विषय: परिचारिका या पदावर नियुक्ती मिळण्याकरिता अर्ज सादर करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन की सदर उमेदवार ही इत्यादी इत्यादी. पाठवला अर्थात इंग्रजीत, पण आधी मराठीत विचार करून मग उतरवला. त्याशिवाय भाषेला वजन येत नाही. सहपत्रे चौदा. पदवी, परीक्षेचा निकाल, शाळा सोडल्याचा दाखला, रक्तगटाचं कार्ड, आणि तिसरीत चित्रकलेत मिळालेलं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र. नर्सला कलेची आवड असलेली बरी.

नोकरीत असलेल्या माणसाने बाहेर अर्ज केला तर तो वरिष्ठांच्या माहितीने जायला हवा, हा आमच्याकडचा पहिला धडा. मुलीवर उद्या कुणी ठपका ठेवायला नको. तिच्या ड्युटीचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला असतो. त्याच्या तळाशी मेट्रनबाईंचा ईमेल छापलेला आहे. म्हणून अर्जाच्या शेवटी लिहिलं: प्रत माहितीस्तव सविनय सादर, मा. मेट्रन. लवंगीने बोलू नका म्हटलं आहे हे लक्षात होतं, म्हणून त्यापुढे 'गोपनीय' असा शेराही टाकला. आणि लेखी कळवणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

शेवटचा परिच्छेद वस्तुस्थितीचा. अर्जात काही लपवू नये. 'तथापि, सदर उमेदवार ही आपल्या वडिलांचे एकमेव अपत्य आहे, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणून देण्यात येते.'

७ मार्च, शुक्रवार

आज जावक सहापर्यंत. हात बसला आहे.

लवंगीने विचारलं, "कसं चाललंय?" म्हटलं, "झकास. वाचून बघ." ती म्हणाली, "बाबा, माझे डोळे मिटतायत. तुमच्यावर विश्वास आहे." आणि सोफ्यावर तशीच झोपली. पायांवर चादर घातली. तिचे पाय अजून सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचत नाहीत.

१३ मार्च, गुरुवार

मेट्रनबाई आज लवंगीला म्हणाल्या, "वडिलांचा गुडघा कसा आहे?"

"मी तुमच्या गुडघ्याबद्दल वॉर्डात कधी बोललेच नाहीये," लवंगी म्हणाली. मलाही नवल वाटलं. पण हॉस्पिटलात तीस वर्षं काढलेली बाई, तिला माणसाच्या चालण्यावरूनसुद्धा कळत असेल. त्यांनी मला चालताना कधी पाहिलेलं नाही ही गोष्ट वेगळी. एकूण बाई आपुलकीची दिसते.

(गुडघा जावक नऊपासून वस्तुस्थितीत घेतला आहे. जिना चढताना कळ येते, ते खोटं थोडंच आहे?)

२५ मार्च, मंगळवार

पंधरा अर्ज गेले आणि उत्तर एकाचंही नाही. परदेशातसुद्धा आवक विभाग ढिम्मच असतो म्हणायचा.

संध्याकाळी कंपाउंडर आला. हा माझा शेजारी. एके काळी एका डॉक्टरकडे पुड्या बांधायचा, आता माझ्याशी बुद्धिबळ खेळतो आणि हरला की पटाला दोष देतो. मला तो जावकराव म्हणतो. त्याला जावक पंधरा वाचून दाखवला. वस्तुस्थितीत आता रक्तदाबही आला आहे, आणि 'उमेदवाराच्या मातोश्रींचे सहा वर्षांपूर्वी निधन झाल्याने घरी दुसरे कोणी नाही' हेसुद्धा. कंपाउंडरने हातातला घोडा खाली ठेवला.

"जावकराव, तू अर्ज करतोयस की हरकत नोंदवतोयस?"

"हरकत कसली? वस्तुस्थिती आहे."

"ती आहेच," तो म्हणाला, आणि सरळ समोर असलेला माझा वजीर मारायला विसरला. त्याचं खेळात लक्ष नव्हतं.

२ एप्रिल, बुधवार

मेट्रनबाईंनी लवंगीला न मागता रविवारची सुट्टी दिली. वर म्हणाल्या, "घरी थांब. वडिलांना बरं वाटेल." लवंगी मला विचारते, "बाबा, तुम्ही आजारी आहात का? माझ्यापासून काही लपवताय का?" मी म्हटलं, ठणठणीत आहे. तिने तरी रक्तदाब मोजला. एकशे तीस-ऐंशी. अर्जात लिहिला त्यापेक्षा बराच बरा निघाला.

११ एप्रिल, शुक्रवार

उत्तर आलं! जावक अठराचं!

किती सभ्य लोक. लिहितात की अर्जाबद्दल आभारी आहोत, कौटुंबिक परिस्थितीमुळे उमेदवाराला घर सोडणं शक्य नाही हे आम्ही समजू शकतो, आणि उमेदवाराच्या वडिलांच्या प्रकृतीला लवकर आराम पडो ही सदिच्छा. परक्या मुलखातला माणूस, ना ओळख ना देख, आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करतो! छापून आणून लवंगीला दाखवलं.

तिने ते दोनदा वाचलं. उठून कप विसळले, जे आधीच विसळलेले होते. मग पाठमोरीच म्हणाली, "बाबा, सगळी पत्रं दाखवा."

एकवीसच्या एकवीस वाचली. चित्रकलेच्या प्रशस्तिपत्रापाशी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पाणी तसंच राहिलं आणि हसू थांबलं. मग तिला तळाची ओळ दिसली.

"हे काय? प्रत... मेट्रन? बाबा, सगळ्या? एकवीसही त्यांना गेल्यात?"

"गोपनीय म्हणून," मी म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. बाहेर अर्ज करणाऱ्यांचे कागद मेट्रनबाई महिनोन्‌महिने अडकवून ठेवतात म्हणे. आणि अनुभवाच्या दाखल्यावर त्यांचीच सही लागते. ती नसेल तर परदेशातलं कुठलंच हॉस्पिटल रुजू करून घेत नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लवंगी ओरडली नाही, म्हणजे किती लागलं असेल.

१२ एप्रिल, शनिवार

एकही अर्ज लिहिला नाही. कंपाउंडरशी दोन डाव खेळलो, दोन्ही हरलो. पटाला दोष दिला नाही.

१४ एप्रिल, सोमवार

मेट्रनबाईंनी मला बोलावलं. लवंगीला नाही, मला. इस्त्रीचा शर्ट घातला. चौतीस वर्षांत साहेबाच्या केबिनमध्ये जाताना इतका घाम आला नव्हता.

बाई किरकोळ, केस पांढरे, चष्मा दोरीला. टेबलावर माझे एकवीस अर्ज, छापलेले, क्रमाने लावलेले. प्रत्येकावर लाल पेन चाललेलं. मी म्हटलं, "चूक सर्वस्वी माझी आहे. मुलीला काही माहीत नव्हतं."

"ते पहिल्याच पत्रात कळलं," त्या म्हणाल्या. "तिला माहीत असतं तर तिने चित्रकला घातली नसती."

मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, "एकवीस पत्रं वाचली मी. उमेदवार नम्र आहे, सुस्वभावी आहे, एकुलती एक आहे. वडिलांचा गुडघा आहे, रक्तदाब आहे. पण ती काम काय करते ते एकाही पत्रात नाही. कुठल्या जागेसाठी अर्ज, तेही नाही. सकाळी शंभर मेल उघडणारी बाई हे वाचेल? मी वाचलं, कारण मला तुमच्या गुडघ्याची काळजी लागून राहिली होती."

मग बाईंनी चष्मा काढला.

"पहिलं पत्र आलं तेव्हा संतापले होते. दोन-तीन वाचली आणि म्हटलं, या पत्रांवर तिला कुणी बोलावत नाही. राहील आपल्याकडेच. म्हणून मीही गप्प बसले. तिच्यासारखी माझ्याकडे दुसरी नाही. काल तिच्या निकालावरची तारीख बघितली. एकतीस मे. तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली." मग म्हणाल्या, "तुम्हालाही ती जायला नकोय ना?"

मी म्हणणार होतो, छे छे, वस्तुस्थिती. त्याऐवजी समोरच्या अर्जांचे कोपरे जुळवत बसलो.

हे मी मुद्दाम केलं नाही. तसं इथे शपथेवर लिहिणार होतो, पण लिहिताना हात थांबला.

उठताना बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी या. अर्धा तास काचेबाहेर उभे राहा. मग लिहा. आणि सदर उमेदवार सदर उमेदवार करू नका. 'मी' लिहा."

१५ एप्रिल, मंगळवार

बारा काचेच्या पेट्या. एकेकात एकेक बाळ, काही तर माझ्या तळहातात मावतील एवढी.

आमची लवंगी घरात दारं आपटते, बिस्किटाचा पुडा दातांनी फाडते, महिन्याला एक कप फोडते. इथे एका बाळाच्या गालावर चिकटपट्टी होती, नाकातली नळी धरून ठेवायला. बोटभर पट्टी. ती बदलायची होती. लवंगीने पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातले. आधी एका हाताने बाळाचे दोन्ही पाय जवळ धरले, दुसरा डोक्यावर ठेवला, आणि नुसती थांबली. त्याचा श्वास लागला होता तो खाली बसेपर्यंत थांबली. मग पट्टी ओली केली आणि सुतासुताने सोडवली. मी घड्याळ लावलं होतं. बोटभर पट्टीला दोन मिनिटं. बाळ रडलं नाही. बाळाची आई स्टुलावर बसली होती, हात लावायला घाबरत होती. लवंगीने तिचा हात धरून आत नेला आणि स्वतःचा होता त्याच जागी ठेवला.

मला ते दोन मिनिटांतच ओळखू आलं. ही, म्हणजे लवंगीची आई, शेवटची आजारी होती तेव्हा हातावरच्या सुईची पट्टी लवंगी अशीच काढायची. मी शेजारी बसून म्हणायचो, किती वेळ लावतेस. ही म्हणायची, लावू द्या हो, तिच्या हाताने दुखत नाही.

काचेबाहेर उभा राहून रडलो. तिथे बरेच जण रडत असतात, कुणी लक्ष दिलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

नवा अर्ज. विषयात फक्त जागेचं नाव, जाहिरातीचा क्रमांक आणि तिचं नाव. 'सादर करण्याबाबत' काढताना जिवावर आलं, पण काढलं.

मजकूर बारा ओळींचा. मी नर्स आहे. सहा वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. आमच्याकडे बारा पेट्या आहेत, एका वेळी माझ्याकडे दोन किंवा तीन बाळं असतात. मग कुठली यंत्रं चालवता येतात ते. ती यादी लवंगीने सांगितली, मी उतरवली. मग हे: 'चिकटपट्टी काढायला मी दोन मिनिटं घेते, कारण या त्वचेला घाई चालत नाही. घाबरलेल्या आईचा हात बाळापर्यंत नेणं हेही मी माझंच काम समजते.' परीक्षेचा निकाल अमुक तारखेपर्यंत चालतो, फोन कोणत्या वेळी घेता येईल. सहपत्रे दोन.

चौतीस वर्षांत कार्यालयीन पत्रात मी 'मी' हा शब्द कधी वापरला नव्हता. तो लिहायला जड जातोच. आणि तो मुलीचा 'मी' असेल तर फारच. शेवटची ओळ मेट्रनबाईंनी सांगून ठेवली होती: मी येण्यास तयार आहे. चार शब्द. दुपारी दोनला लिहायला घेतली, तीनला लिहून झाली.

लवंगीने वाचलं. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली आणि तिनेच पाठवायचं बटण दाबलं. नंतर म्हणाली, "प्रत?"

"कुणालाही नाही," मी म्हटलं.

"मेट्रनबाईंना पाठवा. त्या वाट बघतात."

२४ एप्रिल, गुरुवार

नव्या अर्जाच्या सहा जागी सहा प्रती गेल्या. प्रत्येकीत जागा आणि क्रमांक बदलून, हे स्वतः दोनदा तपासलं. दोघांची उत्तरं आली! एकांनी व्हिडिओवर मुलाखत ठेवली आहे. कंपाउंडरला सांगितलं तर म्हणाला, "हरकत मागे घेतलीस वाटतं."

६ मे, मंगळवार

मुलाखत झाली. मी स्वयंपाकघरात, दार ओढून, कान दाराला. त्यांनी विचारलं, हा मेल तुम्हीच लिहिलात का? लवंगी म्हणाली, "लिहिला वडिलांनी. करते मी." पलीकडे हसण्याचा आवाज आला.

१७ मे, शनिवार

बोलावणं आलं. चौदा दिवस राखून. मेट्रनबाईंनी अनुभवाच्या दाखल्यावर त्याच दिवशी सही केली आणि मोबदल्यात माझ्याकडून एक पत्र लिहून घेतलं, व्यवस्थापनाला: 'नवजात शिशू विभागात परिचारिका कमी असल्याबाबत'. त्यात उपरोक्त, सदर, तथापि सगळं घातलं. वस्तुस्थितीचा परिच्छेद दीड पानी झाला. बाई म्हणाल्या, "इथे मात्र तुमचीच भाषा हवी."

लवंगी दिवसभर गाणं गुणगुणत होती आणि माझ्याकडे पाहिलं की थांबत होती. शेवटी मीच म्हटलं, "गा गं. गुडघा उत्तम आहे माझा."

११ जुलै, शुक्रवार

गेली. तिच्या बॅगेचं वजन दोन किलो जास्त भरलं, तेव्हा तिने माझंच स्वेटर काढून मला परत दिलं. ते तिने केव्हा ढापलं होतं कोण जाणे.

घरी येऊन फ्रिजवरचा जुना तक्ता काढला. कंपाउंडर न बोलावता आला आणि न भांडता हरला.

१३ जुलै, रविवार

सकाळी ईमेल आला. जसाच्या तसा उतरवून ठेवतो.

'विषय: सुखरूप पोहोचल्याबाबत.

संदर्भ: विमानतळावर आपण चष्म्यात काहीतरी गेल्याचे सांगितले, ते.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की सदर उमेदवार सुखरूप पोहोचली आहे. खोली लहान आहे, खिडकी मोठी आहे. कामावर उद्यापासून.

तथापि, सदर उमेदवार ही आपल्या वडिलांचे एकमेव अपत्य असून वडिलांवाचून तिला करमत नाही, ही वस्तुस्थिती नम्रपणे निदर्शनास आणून देण्यात येते. तरी दररोज सकाळी फोन उचलावा, ही विनंती.

सहपत्रे: एक. खिडकीचा फोटो.

प्रत माहितीस्तव सविनय सादर: मा. मेट्रन.'

दुकानात जाऊन छापून आणला. चौतीस वर्षं टेबलावर येणाऱ्या प्रत्येक कागदावर मी एकच शेरा मारत आलो, 'पाहिले, फाइल करावे.' आज हात सवयीने तिथेच गेला. मग नीट लिहिलं, 'पाहिले. फाइल करू नये.' खाली सही केली, तारीख घातली, आणि फ्रिजवर तक्ता होता त्या जागी चिकटवला.